टीव्हीचा जामीनदार

काटकसर मध्यमवर्गीयाच्या घरी कधी एकटी येत नाही. येताना ती एक वही, एक पेन आणि एक भाषण बरोबर घेऊन येते. महिन्याची बावीस-तेवीस तारीख असते, गॅस संपलेला असतो, क्लासची फी थकलेली असते, त्यातच कुणाच्या तरी लग्नाची पत्रिका दारात पडते, आणि घरातला कर्ता पुरुष चष्मा कपाळावर चढवून म्हणतो, "आपल्या घरात पैसा जातो तरी कुठं, ते एकदा पाहिलंच पाहिजे." वास्तविक पैसा कुठं जातो हे घरात सगळ्यांना ठाऊक असतं. फक्त प्रत्येकाला तो दुसऱ्याच्या हातून जाताना दिसतो.

मी बँकेत कारकून आहे. दिवसभर दुसऱ्यांचे पैसे मोजणाऱ्या माणसाला स्वतःचे मोजायला वेळ लागत नाही. ते तेवढे नसतातच. पण काउंटरच्या आतल्या बाजूला वीस वर्षं काढल्यावर मनुष्यस्वभावाचं एक ज्ञान मला झालं आहे. ओढाताण सुरू झाली की माणूस घराच्या कर्जाविषयी बोलायला बँकेत येत नाही, मोटारसायकलच्या हप्त्याविषयीही येत नाही. तो येतो पाचशे रुपयांचं रिकरिंग मोडायला. मोठ्या खर्चाला माणूस भितो आणि लहान खर्चावर शौर्य गाजवतो.

आमच्या खामगावच्या घरात असं शौर्य गाजवण्याजोगी एकच वस्तू होती. ती म्हणजे टीव्हीचं महिन्याचं बिल. रुपये चारशे वीस फक्त. आकडा मी बनवलेला नाही. भारतीय दंड विधान १ जुलै २०२४ पासून गेलं, त्याच्या जागी न्याय संहिता आली, फसवणुकीचं कलम ४२० जाऊन तिथं ३१८ बसलं. आमच्या बिलाने मात्र जुन्या कायद्यावरची निष्ठा सोडली नाही.

आता कुणी म्हणेल, टीव्हीला पैसे मोजायची ही रीत अलीकडची. तसं नाही. १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत घरात रेडिओ किंवा टीव्ही ठेवायचा तर सरकारी लायसन लागे. पोस्टात जायचं, खिडकीशी उभं राहायचं, वर्षाचे पैसे भरायचे आणि पुस्तिका जपून ठेवायची. बंदुकीला लायसन आणि बातम्यांनाही लायसन! पुढं ते उठलं आणि मग टीव्ही काही वर्षं खरोखरच फुकट झाला. त्या काळाची किंमत आपण केली नाही. फुकट होता ना!

दूरदर्शन दिल्लीत १५ सप्टेंबर १९५९ ला सुरू झालं आणि मुंबईत २ ऑक्टोबर १९७२ ला. आमच्या गल्लीत मात्र ते २५ जानेवारी १९८७ ला सुरू झालं असं मी मानतो. त्या रविवारी सकाळी 'रामायण' लागलं. वडिलांनी हप्त्यावर घेतलेला ब्लॅक अँड व्हाइट सेट, गच्चीवर लोखंडी पाइपला बांधलेली अँटेना, आणि बैठकीच्या खोलीत अख्खी गल्ली. मी तेव्हा बालवाडीच्या वयाचा होतो आणि कुणाच्या तरी मांडीवर होतो. ती मांडी कुणाची होती हे शेवटपर्यंत कळलं नाही. आईने सतरंज्या घालायच्या, पाण्याचा माठ भरून ठेवायचा, आणि मधे कुणी मोठं माणूस आलं तर चहा टाकायचा. तिने रामायण पाहिलं ते स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून, चौकटीला टेकून, एका बाजूने. पुढं २०२० च्या टाळेबंदीत, २८ मार्चपासून दूरदर्शनने तेच रामायण पुन्हा दाखवलं, तेव्हा ती खुर्चीवर बसून म्हणाली, "अवो, हा राम तं समोरून चांगलाच दिसते!" तेहतीस वर्षं तिला तो एका अंगानेच माहीत होता.

असो. १९९१ च्या आखाती युद्धानंतर आपल्याकडे आभाळातून वाहिन्या पडू लागल्या. १९९२ च्या गांधीजयंतीला 'झी' आली. पाठोपाठ केबलवाला आला. हा प्राणी १९९५ च्या कायद्याने माणसाळला. तोवर त्याच्या वायरी कडुलिंबावरून गच्चीवर, गच्चीवरून विजेच्या खांबावर, आणि तिथून कुणाच्या तरी कपडे वाळत घालायच्या तारेवरून आमच्या खिडकीत येत. पहिल्या तारखेला सायकलवर एक पोऱ्या यायचा, दारातूनच ओरडायचा, "केबल!" आणि आई पिठाच्या डब्यामागून साठ-सत्तर रुपये काढून द्यायची. पावती नाही, जीएसटी नाही. वाहिनी दिसली नाही तर त्याच पोऱ्याला गल्लीत गाठून रागवायचीही सोय होती.

मग २०१२ ते २०१७ या वर्षांत सरकारने टप्प्याटप्प्याने सगळ्या देशाला डबा बसवला. सेट टॉप बॉक्स. नाव 'सेटच्या वरचा', पण भिंतीवरच्या चपट्या टीव्हीला वर जागाच नसल्यामुळे तो खाली लोंबकळतो. आणि १ फेब्रुवारी २०१९ पासून ट्रायचा नवा हिशेब सुरू झाला. ग्राहकाने आपल्याला हव्या तेवढ्याच वाहिन्या निवडाव्यात, तेवढ्याचेच पैसे भरावेत, अशी उदात्त कल्पना. वाहिन्यांच्या किमतीआधी जोडणीचे १३० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी, मिळून १५३ रुपये ४० पैसे. त्यात शंभर वाहिन्यांची जागा मिळायची आणि त्या शंभरात दूरदर्शनच्या वाहिन्याही धरलेल्या. पुढं २०२० साली तेवढ्याच पैशात दोनशे वाहिन्या झाल्या, आणि २०२४ मध्ये तर ट्रायने ही १३० ची मर्यादाच काढून घेतली.

मला ही रचना पाहताक्षणी आवडली होती. बँकेत आम्ही लॉकरचं भाडं घेतो. आत दागिने आहेत की हवा, ते विचारत नाही. मनोरंजनाच्या क्षेत्रातही कुणीतरी आमच्यासारखं डोकं लढवलंय याचा एक व्यावसायिक आनंद झाला. निवडीचं म्हणाल तर सुट्या वाहिन्या घ्यायला गेलं की बेरीज वाढायची आणि 'पॅक' घेतला की स्वस्त पडायचं. म्हणजे भाजीवाल्याकडे कोथिंबिरीची काडी मागावी आणि त्याने म्हणावं, "काडी महाग आहे, भोपळ्यांचं पोतं घ्या, त्यात कोथिंबीर फुकट." आम्ही पोतं घेतलं. सहा वर्षं घेत होतो.

तर मागल्या वर्षी, कन्येची दहावी आणि त्या दहावीचा क्लास असा दुहेरी योग आल्यावर, एका रविवारी दुपारी मी कुटुंबाची बैठक बोलावली. घाटाखालचा एप्रिल होता. आमच्या बुलढाणा जिल्ह्याचे दोन भाग आहेत, घाटावरचा आणि घाटाखालचा. घाटावरची मंडळी उन्हाळ्यातही शांतपणे विचार करू शकतात असं म्हणतात. आम्ही घाटाखालचे कूलरसमोर बसून विचार करतो, आणि कूलरच्या आवाजामुळे तो मोठ्याने करावा लागतो.

मी एकेक खर्च वाचत गेलो आणि प्रत्येक खर्चाच्या पाठीशी एकेक वकील उभा राहत गेला.

"मोबाइलचा रिचार्ज," मी म्हणालो.

"पप्पा, माझा सगळा अभ्यास त्याच्यावर येतो," आठवीतले चिरंजीव म्हणाले. अभ्यास येतो हे खरं होतं. तो आलेला उघडून पाहिला जातो का, हा वेगळा प्रश्न होता.

"भिशी."

"भिशी हा काय खर्च आहे होय? ती बचत आहे," सौभाग्यवती म्हणाल्या. यावर बँकेच्या माणसाने काय बोलावं?

"वर्तमानपत्र," मी म्हणालो, आणि कुणी तोंड उघडायच्या आत स्वतःच म्हणालो, "ते मुलांच्या वाचनासाठी आहे."

"आणि टीव्ही?" कन्येने विचारलं.

"तो आजीसाठी आहे," आम्ही सगळे एका सुरात म्हणालो. गेली कित्येक वर्षं आमच्या घरात हे वाक्य याच सुरात म्हटलं जात होतं. आईला घरात एकटं वाटू नये. आईचा वेळ जावा. आईला बाहेर पडणं होत नाही. इतर कोणत्याही खर्चाला इतका पवित्र हेतू नव्हता.

तेव्हा कन्येने सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावचं उदाहरण काढलं. त्या गावाने २०२२ च्या स्वातंत्र्यदिनापासून नियम केला, की संध्याकाळी सात वाजता मंदिरावरचा भोंगा वाजला की घरोघरचे टीव्ही आणि मोबाइल दीड तास बंद. मुलांनी अभ्यास करायचा, मोठ्यांनी वाचायचं किंवा एकमेकांशी बोलायचं. साडेआठला पुन्हा भोंगा. "अख्खं गाव करतं, मग आपल्याला काय झालं?" ती म्हणाली. मोबाइल हा शब्द तिने जरा हळू उच्चारला होता, त्यामुळे ठराव फक्त टीव्हीपुरता मंजूर झाला. शिवाय त्या गावाने दीड तासच बंद ठेवला. आम्ही चोवीस तास ठेवणार होतो, कारण त्यांच्यापुढे मुलांचं भविष्य होतं आणि आमच्यापुढे तेवीस तारीख.

मग सगळ्यांनी आईकडे पाहिलं. ती तांदूळ निवडत होती.

"आई, टीव्ही बंद केला तर चालेल?"

"बंद करून टाका, बाप्पा," ती मान वर न करता म्हणाली. "मले काय कराचं आहे थ्या टीव्हीचं?"

कर्जाच्या कागदावर जामीनदार न वाचता पटकन सही करतो, तेव्हा मॅनेजर खूष होतो आणि जुना कारकून जरा अस्वस्थ होतो. पण बैठक संपली होती, कूलरमधलं पाणीही संपलं होतं.

पुढच्या आठवड्यात रिचार्ज संपला. पडद्यावर एक निळी पाटी आली आणि तिथंच ठाण मांडून बसली. आईला कसं वाटेल म्हणून आम्ही सगळे तिच्याभोवती जमलो. ती वाती वळत होती. मग आम्ही एकमेकांकडे पाहिलं आणि त्या क्षणापासून घरात खरी परिस्थिती उघड होऊ लागली.

रात्री आठ वाजता माझे हात आपोआप रिमोटकडे गेले. आठला मी चर्चा पाहतो. सहा माणसं सहा चौकटींतून एकाच वेळी ओरडतात आणि सातवा त्यांना शांत राहा म्हणून त्यांच्याहून मोठ्याने ओरडतो. दिवसभर काउंटरवर लोकांचं ऐकून घेतलेल्या माणसाला, इतर कुणीतरी ओरडून घेतंय, हे पाहून फार बरं वाटतं. चिरंजीव क्रिकेटवाचून तडफडू लागले. कन्येची नाचगाण्याची स्पर्धा हुकली. अभ्यास करताना 'मागे नुसता आवाज' लागायचा तो नाहीसा झाल्यामुळे अभ्यासही हुकला. सौभाग्यवतींच्या दुपारच्या दोन मालिका होत्या, पैकी एक 'सहज लावलेली' होती, ती गेल्याचं दुःख जास्त होतं.

आणि आई? आईची एक मालिका होती. संध्याकाळी साडेसात ते आठ.

मी सवयीने आकडेमोड केली. आमचा टीव्ही दिवसाला सुमारे सहा तास चालायचा. त्यात आईचा अर्धा तास. म्हणजे एक बारांश. चारशे वीसचा बारावा हिस्सा पस्तीस रुपये. पस्तीस रुपये आईचे आणि तीनशे पंच्याऐंशी आम्हा चौघांचे. पण सगळं कर्ज आईच्या नावावर! आमच्या टीव्हीची ती जामीनदार होती. सही तिची, उचल आमची. आणि वसुलीची वेळ आली तेव्हा नोटीसही तिलाच गेली.

तुम्ही तुमच्या घरात जरा फिरून पाहा. प्रत्येक चैनीखाली असा एक जामीनदार सापडेल. सोफा पाहुण्यांसाठी घेतलेला असतो, त्यावर घरमालक लोळतो. कूलर लेकरांसाठी असतो, त्याचं तोंड बापाच्या पलंगाकडे असतं. मोठी गाडी 'म्हाताऱ्यांना चढायला-उतरायला बरी पडते' म्हणून घेतात आणि म्हातारे शेगावला दर्शनाला लाल डब्याने जातात. स्वतःसाठी काही घ्यायचं तर आपल्या माणसाला अपराध्यासारखं वाटतं. म्हणून तो घरातलं सर्वांत गप्प माणूस शोधतो आणि बिल त्याच्या नावावर फाडतो. गप्प माणूस सोयीचा असतो. घेताना तो नको म्हणत नाही, आणि काढून घेतानाही नाही.

महिना गेला. शेवटी चिरंजीवांच्या शारीरिक तब्येतीवर परिणाम होतोय असं त्यांचं त्यांनीच निदान केल्यामुळे, आम्ही दूरदर्शनची फ्री डिश बसवायचं ठरवलं. डिसेंबर २००४ पासून ही सोय देशात आहे. एकदा छत्री आणि डबा घ्यायचा, मग महिन्याला एक पैसा नाही. तिथला न्याय उलटा आहे. खाजगी वाहिन्या लिलावात बोली लावून जागा घेतात, म्हणजे पैसे दाखवणारा भरतो, पाहणारा नाही. हे कळल्यावर मला इतकं भरून आलं, की मेकॅनिकला मी दोनदा चहा दिला. छत्री, डबा, वायर, मजुरी मिळून अठराशे रुपये.

मेकॅनिकने गच्चीवर मोबाइलमधलं होकायंत्र धरलं. उपग्रह विषुववृत्तावर, ९३.५ अंश पूर्वेला. खामगावातून पाहिलं तर बरोबर आग्नेयेला. "इकडून येते सिग्नल," तो बोट दाखवून म्हणाला. आम्ही बोटाच्या दिशेने पाहिलं. तिथं शेजाऱ्यांचा शेवगा होता. ३६ हजार किलोमीटर अंतर निर्वेध कापून आलेली लहर आमच्या गच्चीपासून बारा फुटांवर शेवग्याच्या शेंगांत अडकत होती. शेजाऱ्यांना विनंती केली. छाटणाऱ्या माणसाचे दोनशे रुपये झाले. छाटलेल्या फांद्यांच्या शेंगा शेजाऱ्यांनी आम्हालाच दिल्या, त्यामुळे चार दिवस भाजीचा खर्च वाचला आणि पाचव्या दिवशी मुलांनी उपोषण केलं. हिशेब सांगायचा तर वर्षाचे पाच हजार चाळीस वाचणार होते, त्यातून दोन हजार गेले, उरले तीन हजार चाळीस. शेंगा जमेस धरलेल्या नाहीत.

फ्री डिशने घरातल्या बहुतेकांची कर्जं फिटली. २००७ च्या कायद्याने राष्ट्रीय महत्त्वाचे सामने दूरदर्शनलाही द्यावे लागतात, तेव्हा भारताचे मोठे सामने चिरंजीवांना मिळाले. आयपीएलला ते मित्राकडे 'गणितं सोडवायला' जाऊ लागले. मला सह्याद्रीच्या बातम्या मिळाल्या. तिथं एका वेळी एकच माणूस बोलतो, आणि तोही बसून. पहिले आठ दिवस मला काहीतरी बिघडलंय असं वाटत होतं. अक्षय्य तृतीयेनंतर भेंडवळची बातमीही त्यावरच पाहिली. आमच्याच जिल्ह्यातलं, जळगाव जामोद तालुक्यातलं गाव. शेतात घट मांडतात, भोवती अठरा धान्यं ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पाऊसपाण्याचं भाकीत सांगतात. जिल्ह्यातलीच ही बातमी अवकाशात जाऊन आमच्याकडे परत आली आणि तीही फुकट, याचं आईला फार कौतुक वाटलं.

पण आईची साडेसातची मालिका त्या फुकट वाहिन्यांत नव्हती. त्या मालिकेतल्या मुलीचं लग्न तीन महिने लागत होतं. अक्षता हातात घेऊन माणसं ताटकळली होती, आणि आमच्या निळ्या पाटीने आईला नेमकं मांडवातून उठवलं होतं.

ती काही बोलली नाही. पण काही दिवसांनी माझ्या लक्षात आलं, की सव्वासातला ती चप्पल घालते.

"कुठं चाललीस?"

"गुरुजीइकडं जाऊन येतो जरासा," ती म्हणाली. आमच्या वऱ्हाडात बायाही 'जातो' आणि 'येतो' म्हणतात. त्यामुळे त्या चालण्याला एक मर्दानी निश्चय येतो.

गुरुजी म्हणजे गल्लीच्या टोकाचे निवृत्त शिक्षक. आईच नव्हे, कोपऱ्यावरच्या काकू जात होत्या, दाळमिलजवळच्या दोन वहिनी जात होत्या, एक आजीबाई तर नातवाच्या हाताला धरून जात होत्या. चौकशीअंती कळलं, की काटकसरीची साथ एकट्या आमच्या घरात नव्हती. गल्लीतल्या बऱ्याच घरांत अशाच बैठका झाल्या होत्या, आणि प्रत्येक बैठकीत टीव्ही घरातल्या म्हातारीसाठीच असल्याचं उघड झालं होतं. जामीनदार एकामागून एक उघड्यावर आले होते. पैसे भरणारं घर गल्लीत एकच उरलं होतं, गुरुजींचं. आणि गुरुजींनीही रिचार्ज बंद करायचा विचार बोलून दाखवला.

त्या संध्याकाळी सहा बायकांची बैठक झाली. ती फक्त दहा मिनिटं चालली. वही नाही, पेन नाही, कूलर नाही. गुरुजींच्या जोडणीचे महिन्याला तीनशे साठ रुपये होत होते. सहा जणींनी साठ-साठ काढायचे, पाच तारखेच्या आत. बरोबर साडेसातला टीव्ही बायकांचा. आमच्या आईला वडिलांची फॅमिली पेन्शन मिळते. त्या खात्यात नातवंडांना वाढदिवसाला द्यायच्या पैशांपलीकडे काही हालचाल नसायची. त्या महिन्यात पासबुक भरून आणलं, तेव्हा तिने माझ्यासमोर बसून साठ रुपयांची नोंद वेगळी वहीत लिहायला लावली. "टीव्हीची वर्गनी, असं लिही," ती म्हणाली.

मला राहवलं नाही. त्या दिवशी साडेसातला तिला पोचवायच्या निमित्ताने मी गुरुजींच्या घरी डोकावलो. गुरुजी बाहेर ओट्यावर बसले होते. "आमच्याच घरात आम्ही भाडेकरू झालो बुवा," ते म्हणाले, पण तक्रारीच्या सुरात नव्हे. महिन्याचं बिल सहा जणींत वाटलं गेलं की माणूस ओट्यावरही सुखाने बसतो. आत खुर्च्या मांडल्या होत्या. पुढच्या रांगेत, मधोमध, आई बसली होती. आणि रिमोट तिच्या हातात होता.

मी तिथंच थबकलो. आमच्या घरात रिमोट कुणाकुणाच्या हातात असायचा हे मी तपशिलाने सांगू शकेन. चिरंजीवांच्या, कन्येच्या, सौभाग्यवतींच्या, माझ्या, आणि एकदा प्लंबरच्या. आईच्या हातात तो पाहिल्याचं मला आठवेना. साडेसातला ती म्हणायची, "कोनी लावून देता का माहं थे?" आणि आमच्यापैकी कुणीतरी लावून द्यायचं. कधी मॅच असायची, कधी निवडणुकीचा निकाल असायचा, मग ती म्हणायची, "राहू द्या." गुरुजींच्या खोलीत जाहिरात लागली तसा तिने सफाईने आवाज बंद केला. एक वहिनी म्हणाल्या, "आई, जरा दुसरीकडं काय आहे थे पाहा बरं." आईने पाहिलं, आणि जाहिरात संपायच्या बेताला बरोबर परत आली.

रात्री जेवताना सौभाग्यवतींनी विषय काढला. त्यांना ते लागलं होतं. "आई, बाहेर जाऊन पाहायची काय गरज होती? तुम्ही त्या दिवशी नुसतं हो म्हटलं. एक शब्द बोलला असता तर आपण ठेवला असता की टीव्ही."

आईने भाकरीचा तुकडा मोडला. "तुमी मले थ्या दिवशी इचारून राह्यले होते," ती शांतपणे म्हणाली, "का सांगून राह्यले होते?"

कुणी काही बोललं नाही. चिरंजीवांनी पाण्याचा तांब्या पुढं सरकवला. आमच्या घरात अवघड प्रसंगी पाणी देतात.

दुसऱ्या दिवशी मी हिशेब करून पाहिला. आईची एकच वाहिनी सुटी घेतली तर जोडणीच्या पैशांसह किती पडेल, ते कागदावर मांडून तिच्यापुढे ठेवलं. तिने कागद पाहिला, घडी घातली आणि भिंगाच्या डबीत ठेवून दिली. "कायले?" ती म्हणाली. "माहे साठ रुपये भरून झाले." वर्गणीदाराला जी ऐट असते ती लाभार्थ्याला कधी येत नाही. लाभार्थ्याच्या वाट्याला हवाली केलेली वस्तू येते. वर्गणीदाराच्या वाट्याला मत येतं. साठ रुपयांत आईने मत विकत घेतलं होतं, आणि ते चारशे वीस रुपयांच्या आमच्या पॅकमध्ये कुठल्याच गुच्छात नव्हतं.

यंदा पुन्हा एप्रिल आला. कन्येची अकरावी आणि तिचे क्लास असा नवा योग उभा आहे. मी बैठक बोलावली. तांदूळ निवडायला न घेता आई या वेळी पहिल्यापासून समोर येऊन बसली, हातात स्वतःचं पासबुक घेऊन. सहा महिन्यांपासून गुरुजींकडच्या टीव्हीचा जमाखर्च तीच पाहते आहे, त्यामुळे तिला बैठकींची सवय झाली आहे.

मी रिचार्ज वाचला, भिशी वाचली. मग वर्तमानपत्र आलं आणि मी जरा घाईने पुढच्या ओळीवर जाऊ लागलो.

"थांब," आई म्हणाली. "हा पेपर कोनासाठी येते?"

"मुलांसाठी," मी म्हणालो. "त्यांच्या वाचनासाठी."

दोन्ही जामीनदारांनी मोबाइलमधून मान वर केली आणि सही करायला साफ नकार दिला.